‘कॉम्प्युटर पाहिजे’ : जुन्या वर्तमानपत्रांतून एका इंग्रजी शब्दाचा माग

जुनीपाने (धागाकर्ता)

२ मे १८९२ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये काही ओळींची एक बातमी आहे. तिच्या मथळ्याचे मराठी ‘कॉम्प्युटर पाहिजे’ असेच करावे लागेल. नॉटिकल अल्मनॅक, म्हणजे खलाशांसाठी ग्रहताऱ्यांच्या स्थानांची वार्षिक कोष्टके, काढणाऱ्या कार्यालयात कॉम्प्युटरच्या दोन जागा रिकाम्या असून एकीला १,००० तर दुसरीला १,४०० डॉलर पगार आहे, त्यासाठी १८ मे रोजी वॉशिंग्टन येथे परीक्षा घेतली जाईल आणि तीत बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती व खगोलशास्त्र हे विषय असतील, एवढाच तिचा मजकूर. आंतरजालावर या बातमीचे कात्रण वरचेवर फिरत असते आणि ‘त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे माणूस होता’ या आश्चर्यापाशी चर्चा आटोपते. मला त्या कात्रणात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बातमी लिहिणाऱ्याने हा शब्द कुठेही समजावून सांगितलेला नाही आणि त्याच्याआधी एखादे विशेषणही लावलेले नाही. वाचकाला तो कळणार, हे त्याने गृहीत धरले होते.

या धाग्यात मला मांडायचा आहे तो मुद्दा यातूनच निघतो. एखाद्या शब्दाचा अर्थ केव्हा पालटला हे कोशातील व्याख्यांवरून फारसे कळत नाही, कारण कोशात जुना आणि नवा अर्थ एकाखाली एक सुखाने नांदत असतात. वर्तमानपत्रात मात्र रोजच्या वाचकाशी व्यवहार असल्यामुळे संदिग्धता परवडत नाही, आणि म्हणून तिथे विशेषणे बोलतात. ज्या अर्थाला विशेषण लागत नाही तो त्या काळी घरचा, आणि ज्याला लागते तो पाहुणा, असे धरून जुनी पाने चाळली तर या शब्दाचा प्रवास बराच स्पष्ट दिसतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या शब्दाचा सर्वांत जुना दाखला १६१३ चा आहे आणि तो काळाची गणना करणाऱ्यासंबंधी आहे. तेव्हापासून पुढची तीनशेहून अधिक वर्षे हा शब्द प्रामुख्याने माणसाचाच राहिला. आपल्या देशातील सर्वांत ठळक दाखला राधानाथ सिकदार यांचा. १८३१ मध्ये ते जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या हाताखाली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात महिना ३० रुपयांवर लागले आणि १८४९ मध्ये कलकत्त्याला चीफ कॉम्प्युटर झाले. हे अधिकृत पदनाम होते, गौरवाने दिलेली उपाधी नव्हे. हिमालयातील ‘शिखर क्रमांक १५’चे वेध जेम्स निकोलसन यांनी १८४९-५० मध्ये बिहारच्या सपाट प्रदेशातून, शंभराहून अधिक मैलांवरून घेतले होते. एवढ्या अंतरावरून मोजलेल्या कोनात प्रकाशाचे वक्रीभवन, पृथ्वीची गोलाई, हवेचा दाब आणि तापमान या सर्वांमुळे फरक पडतो, आणि वेध घेणाऱ्याचे काम संपले की तो फरक काढून टाकण्याचे काम कॉम्प्युटरचे असे. १८५२ मध्ये हे शिखर सर्वांत उंच असल्याचा निष्कर्ष निघाला आणि १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ यांनी २९,००२ फूट हा आकडा जाहीर केला. सिकदार धावत साहेबांच्या खोलीत शिरले वगैरे कथा मी मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण तिने या कामाचे स्वरूपच झाकले जाते. हे काम एका क्षणाच्या साक्षात्काराचे नव्हते, महिनोन्‌महिन्यांच्या कोष्टकांचे होते.

सिकदारांच्या संदर्भात वर्तमानपत्राचा संबंध आणखी एका ठिकाणी येतो. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाच्या हस्तपुस्तिकेच्या प्रस्तावनेत, तिच्यातील गणिती प्रकरणे सिकदारांनी लिहिल्याचा स्पष्ट उल्लेख होता. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून ती प्रस्तावनाच गाळली गेली. त्यावर १८७६ मध्ये ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ने टीका केली आणि या प्रकाराला मृताची लूट म्हटले. कॉम्प्युटरचे श्रम छापील पानावर किती सहज पुसले जात, याचा हा अस्सल नमुना आहे.

आता यंत्राकडे वळू. ‘एंजिनीअरिंग’ या इंग्रजी साप्ताहिकाच्या २२ जानेवारी १८९७ च्या अंकात कॉक्स नावाच्या गृहस्थाने बनवलेल्या ‘कॉम्प्युटर’चा उल्लेख आहे, पण तिथे लगोलग खुलासाही येतो की ही वस्तू वर्तुळाकार गणकपट्टीच्या (स्लाइड रूलच्या) जातीची आहे. पाहुण्याची ओळख करून द्यावी लागली ती अशी. १५ फेब्रुवारी १९४६ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर एनिअ‍ॅक या यंत्राची बातमी दिली तेव्हाही मथळ्यात नुसते ‘कॉम्प्युटर’ नव्हते, ‘इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर’ होते.

या बदलाची सर्वांत सुंदर नोंद एकाच लेखकाच्या दोन निबंधांत सापडते. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी लिहिलेल्या निबंधात ‘कॉम्प्युटर’ हा शब्द विशेषणाविना येतो आणि त्याच्यासाठी ‘तो’ हे पुरुषवाचक सर्वनाम वापरलेले आहे. यंत्राला ते ‘कॉम्प्युटिंग मशीन’ म्हणतात. ऑक्टोबर १९५० मध्ये ‘माइंड’ या त्रैमासिकात तेच ट्युरिंग ‘डिजिटल कॉम्प्युटर’ आणि ‘ह्यूमन कॉम्प्युटर’ असे दोन्ही शब्द वापरतात आणि पहिल्याची कल्पना दुसऱ्याच्या आधारे समजावून सांगतात. म्हणजे १९५० मध्ये दोन्ही अर्थांना विशेषण लागत होते. घर कोणाचे याचा निकाल अजून लागायचा होता.

तो पुढच्या तीस वर्षांत पुरता लागला. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शकुंतला देवींनी तेरा-तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांना ‘ह्यूमन कॉम्प्युटर’ म्हटले. मराठीतही ‘मानवी संगणक’ हेच रूढ झाले. सिकदारांना हा शब्द विशेषणाविना मिळाला होता. शकुंतला देवींना तो मिळाला, पण उपमा म्हणून.

ही माझी मांडणी. तिला छेद देणारे दाखले असतील तर तेच आधी वाचायला आवडतील.

खगोलवेडा

धागा आवडला. वेधशाळांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या शब्दाचे खरे माहेर तिथेच आहे.

ब्रिटिश ‘नॉटिकल अल्मनॅक’ १७६७ सालासाठी प्रथम निघाले. त्याचे संस्थापक नेव्हिल मॅस्केलीन यांनी कॉम्प्युटरांना एका छताखाली बसवले नव्हते. ही मंडळी इंग्लंडभर आपापल्या गावी घरी बसून गणिते करीत आणि ती टपालाने पाठवीत. चंद्राची एकच स्थिती दोन कॉम्प्युटर स्वतंत्रपणे काढत आणि तिसरा माणूस, ज्याला ‘कंपेरर’ म्हणत, दोघांचे आकडे ताडून पाही. १७७० च्या सुमारास कीच आणि रॉबिन्स या दोघांनी एकमेकांचे आकडे उतरवल्याचे अशाच ताडणीत उघडकीला आले आणि दोघांनाही काढून टाकण्यात आले. लडलो गावच्या मेरी एडवर्ड्स यांचे नाव या यादीत ठळक आहे; त्या काळात एका स्त्रीला या कामाचा नियमित मोबदला मिळत होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

धागाकर्त्यांच्या मांडणीत मला एक गोष्ट जोडायची आहे. शब्दाला विशेषण नव्हते हे खरे, पण प्रतिष्ठाही नव्हती. ग्रीनिचच्या वेधशाळेत जॉर्ज एअरी प्रमुख असतानाच्या काळात कॉम्प्युटर म्हणजे बहुधा शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुले असत. १८९० नंतर तिथे काही उच्चशिक्षित स्त्रियांनाही याच पदनामाने घेतले गेले आणि त्यांना महिना चार पौंड मिळत. हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी नेमलेल्या स्त्रियांचा दर ताशी २५ सेंटपासून सुरू होई. त्याच कॉम्प्युटरांपैकी हेन्रिएटा लेव्हिट यांनी लघु मॅगेलन मेघ या दीर्घिकेतील २५ चल ताऱ्यांची (ज्यांचे तेज कमी-जास्त होते अशा ताऱ्यांची) तेजस्विता आणि त्यांचा आवर्तकाळ यांच्यातला संबंध दाखवून दिला, ज्याच्या आधारावर पुढे दीर्घिकांची अंतरे मोजली गेली. ३ मार्च १९१२ च्या हार्वर्डच्या परिपत्रकात तो प्रसिद्ध झाला तेव्हा खाली सही पिकरिंग यांची होती, आणि पुढील निवेदन कुमारी लेव्हिट यांनी तयार केले आहे, असे पहिल्याच वाक्यात म्हटले होते. सिकदारांच्या नावाचे जे झाले त्यापेक्षा हे बरेच बरे, एवढेच म्हणता येईल.

आपल्याकडे केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केले आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. पदनाम काहीही असो, त्या पुस्तकामागची मेहनत याच जातीची आहे. ज्यांनी कधी अमुक दिवशीच्या एका ग्रहाचे भोगांश (राशिचक्रावरील स्थान) हाताने काढले असतील त्यांना कोष्टके रचणाऱ्याचे ऋण वेगळे सांगायला नको.

तागडी

विशेषणाचा निकष चांगला आहे, पण तो फक्त बातम्यांना लावून चालणार नाही. वर्तमानपत्राचे अर्धे पान जाहिरातींचे असते आणि जाहिरातीत या शब्दाचे कुटुंब यंत्राच्या बाजूने फार आधी वळले होते.

१८४० च्या दशकात बोस्टनच्या अ‍ॅरन पामर यांनी वर्तुळाकार गणकपट्टी विकायला काढली तिचे नाव ‘पामर्स कॉम्प्युटिंग स्केल’ असे होते. त्यानंतर १८९० च्या दशकापासून अमेरिकेतील किराणा दुकानदारांसाठी निघणाऱ्या नियतकालिकांत ‘कॉम्प्युटिंग स्केल’ हीच जोडी वेगळ्या अर्थाने दिसू लागते. इथे स्केल म्हणजे वजनकाटा. पौंडाचा भाव आधी लावून ठेवायचा, माल पारड्यात टाकायचा आणि किंमत थेट काट्यावर वाचायची. दुकानदाराला पटवण्याचा मुद्दाही ठरलेला असे : गिऱ्हाइकाला नकळत जास्त दिला जाणारा माल या काट्याने वाचतो. हे काटे करणारी ओहायोतील डेटन गावची कंपनी १९११ मध्ये आणखी काही कंपन्यांबरोबर एकत्र येऊन ‘कॉम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी’ झाली, आणि १९२४ मध्ये त्याच कंपनीने आपले नाव बदलून इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स केले, म्हणजेच आयबीएम. नावातला ‘कॉम्प्युटिंग’ हा शब्द त्यांनी काढला तो तेव्हा, ही गंमत मला नेहमी वाटते.

तेव्हा ‘कॉम्प्युट करणे’ ही क्रिया यंत्राकडून होऊ शकते, हे साध्या दुकानदाराला १९०० च्या आसपासच ठाऊक होते. जो करतो तो ‘कॉम्प्युटर’, हे नाम तेवढे माणसाकडे राहिले. क्रियापद आधी गेले, नाम चाळीस-पन्नास वर्षांनी गेले, असे मी म्हणेन.

शोध घेणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, ऑस्ट्रेलियाच्या ‘ट्रोव्ह’वर आणि न्यूझीलंडच्या ‘पेपर्स पास्ट’वर जुनी वर्तमानपत्रे विनामूल्य शोधता येतात, परंतु तिथला शोध यंत्राने वाचलेल्या अक्षरांवर चालतो. पुसट छपाईत ‘कॉम्प्युटर’ आणि लोकलने रोज ये-जा करणारा ‘कम्यूटर’ यांच्यात एकाच अक्षराचा फरक असल्यामुळे रेल्वेच्या पासांच्या बातम्या ढिगाने येतात. नुसत्या आकड्यांवरून आलेख काढण्याआधी मूळ पानाचे चित्र उघडून पाहावे.

आकडेमोड

वर शकुंतला देवींपर्यंत येऊन ‘निकाल लागला’ असे म्हटले आहे ते सर्वसाधारण वर्तमानपत्रांपुरते ठीक आहे. सरकारी कागदांत तो लागला नव्हता. भारतात हे पदनाम यंत्रे आल्यानंतरही पुष्कळ काळ जिवंत होते. जनगणनेच्या छापील खंडांच्या प्रारंभी काम करणाऱ्यांच्या याद्या असतात, त्या उघडून पाहा. सांख्यिकी सहायक आणि असिस्टंट कंपायलर यांच्या जोडीने तिथे ‘कॉम्प्युटर’ हे पद भेटते, फक्त इंग्रजीत त्याच्या शेवटी ‘ई-आर’ऐवजी ‘ओ-आर’ असते.

माझी आत्या अशाच एका सांख्यिकी कार्यालयात या पदावर होती. टेबलावर फॅसिटचे यंत्र असे. त्यात कळा दाबून संख्या भरायची, उजवीकडचा दांडा पुढे फिरवला की बेरीज आणि उलटा फिरवला की वजाबाकी. भागाकार म्हणजे सलग वजाबाक्या. भाजकापेक्षा बाकी कमी उरल्यावर आणखी एक फेरा पडला की घंटा वाजे, मग दांडा एकदा पुढे फिरवून तो जास्तीचा फेरा परत घ्यायचा, कॅरेज एक घर सरकवायची आणि पुढचा अंक काढायचा. आठ-दहा टेबलांवर हे एकाच वेळी चालले की खोलीत बोललेले ऐकू येत नसे, असे आत्या सांगे. एका तक्त्यावर दोघींनी स्वतंत्रपणे काम करायचे आणि नंतर ताडून पाहायचे, हा नियम तिथेही होता. वर मॅस्केलीन यांची पद्धत वाचताना हे आठवले. दोनशे वर्षांत यंत्र बदलले, पद्धत बदलली नाही.

हवामानशास्त्रातही हेच. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या वेधशाळांचे महासंचालक होते. मॉन्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या केंद्रांतील दाब, पाऊस आणि तापमान यांच्यातील सहसंबंध काढण्याचे प्रचंड काम त्यांनी सिमल्याला भारतीय कारकुनांकडून हाताने करून घेतले, आणि त्यातूनच ‘सदर्न ऑसिलेशन’ची, म्हणजे पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेचा दाब आळीपाळीने वरखाली होण्याची, कल्पना उभी राहिली. या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्याला आले. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये हवामानाच्या गणिती भाकितावर पुस्तक लिहिले तेव्हा त्यांनी एका भव्य गोलाकार दालनात बसलेल्या ६४,००० कॉम्प्युटरांची कल्पना केली होती. आजचा वाचक ते वाक्य वाचून यंत्रांची रांग डोळ्यांसमोर आणतो. रिचर्डसन यांच्या मनात माणसे होती, आणि मधोमध मनोऱ्यावर उभा राहून जो पुढे धावतो त्याच्यावर गुलाबी आणि जो मागे पडतो त्याच्यावर निळा झोत टाकणारा एक प्रमुख होता.

मथळेवाला

वृत्तपत्रात उमेदवारी केलेला असल्यामुळे मथळ्यांची बाजू मांडतो. १९४६ नंतर शब्द थेट माणसाकडून यंत्राकडे गेला, असे वरील चर्चेवरून वाटू शकेल. मध्ये एक तिसरा दावेदार होता : ‘ब्रेन’.

ऑक्टोबर १९४६ च्या अखेरीस लॉर्ड माउंटबॅटन यांनी ब्रिटनच्या रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेपुढे केलेल्या भाषणात ‘इलेक्ट्रॉनिक ब्रेन’ असा शब्दप्रयोग केला आणि लंडनच्या ‘टाइम्स’सह वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. त्यावर गणिती डग्लस हार्ट्री यांनी नोव्हेंबरमध्ये ‘टाइम्स’ला पत्र लिहून हरकत घेतली. ज्या शक्ती या यंत्राच्या अंगी नाहीत त्या या शब्दामुळे त्याच्यावर लादल्या जातात, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप रास्त होता, पण मथळा लिहिणाऱ्यावर त्याचा परिणाम होणे शक्य नव्हते. एका स्तंभाच्या रुंदीत ‘कॅल्क्युलेटिंग मशीन’ मावत नाही, ‘ब्रेन’ मावतो. ११ जून १९४९ ला ‘टाइम्स’ने मँचेस्टरच्या यंत्राची बातमी दिली ती ‘मेकॅनिकल ब्रेन’ या मथळ्याखालीच. २३ जानेवारी १९५० च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हार्वर्डचे मार्क-३ हे यंत्र नौदलाची टोपी घालून बसलेले दाखवले आहे.

दुसरे असे की यंत्रे बांधणारे स्वतःही या शब्दाविषयी एकमताचे नव्हते. हार्वर्डच्या १९४४ च्या मार्क-१ चे अधिकृत नाव ‘ऑटोमॅटिक सीक्वेन्स कंट्रोल्ड कॅल्क्युलेटर’ होते. केंब्रिजच्या १९४९ च्या एड्सॅक या यंत्राच्या आद्याक्षरी नावातील शेवटचे ‘सी’ हे अक्षर ‘कॅल्क्युलेटर’चे आहे, तर युनिव्हॅक या अमेरिकन यंत्राच्या नावातील तेच अक्षर ‘कॉम्प्युटर’चे. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले यंत्र १९६० मध्ये सुरू झाले आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे टिफ्रॅक असे नामकरण झाले. त्या नावाच्या शेवटीही ‘ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर’च आहे. १९६२ मध्ये मुंबईत हा शब्द अनिवार्य नव्हता, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

४ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे भाकीत करण्यासाठी सीबीएस वाहिनीने युनिव्हॅकचा वापर केला. आयझेनहॉवर मोठ्या फरकाने जिंकणार, हे त्याचे सुरुवातीचे उत्तर विश्वास न बसल्यामुळे लगेच सांगितले गेले नाही आणि नंतर ते खरे ठरले. माझ्या मते सर्वसामान्य अमेरिकन घरात हा शब्द त्या रात्री शिरला, कोणा शास्त्रज्ञाच्या निबंधातून नव्हे. १९८३ च्या जानेवारीत ‘टाइम’ने वर्षाच्या माणसाऐवजी ‘वर्षाचे यंत्र’ निवडले तेव्हा मुखपृष्ठावर ‘कॉम्प्युटर’ला कोणतेही विशेषण लागले नाही.

गोदातीर

एक बाजू राहून जाते आहे. १९४२ मध्ये फिलाडेल्फियातील वर्तमानपत्रात गणिताची पदवी असलेल्या स्त्रिया पाहिजेत अशी जाहिरात आली आणि ती पाहून के मॅकनल्टी अर्ज करायला गेल्या. पद कॉम्प्युटरचे, वर्षाचा पगार १,६२० डॉलर, काम तोफगोळ्याचा मार्ग काढण्याचे. साठ सेकंदांच्या एका उड्डाणाचे गणित टेबलावरच्या यंत्राने करायला कुशल व्यक्तीला सुमारे २० तास लागत. एनिअ‍ॅकने तेच ३० सेकंदांवर आणले, आणि त्यावर गणिते कशी मांडायची हे ठरवण्यासाठी मॅकनल्टी यांच्यासह ज्या सहा जणी निवडल्या गेल्या त्या याच कॉम्प्युटरांमधल्या होत्या.

फेब्रुवारी १९४६ च्या गाजावाजात यंत्राला या स्त्रियांचे पदनाम मिळाले आणि त्यांची नावे मात्र बातम्यांत आली नाहीत. त्याच वर्षी सैन्यभरतीच्या एका जाहिरातीत एनिअ‍ॅकचे छायाचित्र वापरताना त्यात उभ्या असलेल्या स्त्रिया कापून फक्त गणवेशातील पुरुष ठेवला गेला. युद्धकाळात गणिताच्या कामाचे मोजमाप ‘गर्ल-इयर्स’मध्ये (एका मुलीचे वर्षभराचे काम या एककात) करण्याची पद्धत होती आणि एका अधिकाऱ्याने तर ‘किलोगर्ल’ हे एककही सुचवले होते. विशेषण केव्हा लागले याइतकेच पद कोणाचे गेले हेही पाहायला हवे. नासाच्या पूर्वसुरी संस्थेत लँगली येथे १९३५ मध्ये पाच स्त्रियांचा कॉम्प्युटर विभाग सुरू झाला होता. तिथल्या कॅथरिन जॉन्सन यांनी २० फेब्रुवारी १९६२ च्या जॉन ग्लेन यांच्या उड्डाणाआधी यंत्राचे आकडे हाताने तपासून दिले. तोवर यंत्राची खात्री माणसाकडून करून घ्यावी असे अंतराळवीराला वाटत होते.

जुनीपाने (धागाकर्ता)

सर्वांच्या प्रतिसादांमुळे माझ्या मांडणीला हवी होती ती खोली आली. क्रियापद आधी गेले आणि नाम मागून गेले, हे ‘तागडी’ यांचे निरीक्षण मी स्वीकारतो. ‘पामर्स कॉम्प्युटिंग स्केल’पासून आयबीएमपर्यंतची साखळी पाहता नुसत्या नामावर नजर ठेवणे अपुरे ठरते.

‘मथळेवाला’ यांच्या ‘ब्रेन’विषयी थोडा मतभेद नोंदवतो. ‘ब्रेन’ हा दावेदार मथळ्यात होता, मजकुरात नव्हता. १९४६ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीपासूनच आतील मजकुराला तांत्रिक शब्द लागत होता आणि तो पुरवायला शास्त्रज्ञांकडे ‘कॉम्प्युटर’ किंवा ‘कॅल्क्युलेटर’ हे दोनच होते. त्यांच्यातील भेद ठरवण्याचा प्रयत्न अमेरिकन गणिती जॉर्ज स्टिबिट्झ यांनी युद्धाच्या शेवटच्या काळातील एका टिपणात केला होता : सुट्या आकडेमोडी करून देते ते कॅल्क्युलेटर, आकडेमोडींची मालिका आपोआप पार पाडते ते कॉम्प्युटर, आणि माणसांना ‘ऑपरेटर’ म्हणावे. ‘गोदातीर’ यांच्या मुद्द्याशी हे थेट जुळते. पद गेले ते आपोआप नव्हे, कोणीतरी बसून ते वाटप केले होते. टिफ्रॅकच्या नावाने मात्र ही वाटणी मुंबईपर्यंत पोचलेली नव्हती हे दिसते, कारण स्टिबिट्झ यांच्या व्याख्येप्रमाणे ते यंत्र निःसंशय कॉम्प्युटर होते.

‘आकडेमोड’ यांनी सांगितलेल्या ‘ओ-आर’च्या स्पेलिंगकडे मी आजवर जुन्या वळणाची लेखनपद्धती म्हणून पाहत होतो. तथापि तर्कशास्त्राच्या अभ्यासकांतही ते सापडते. ट्युरिंग यांचे शिष्य रॉबिन गँडी यांनी १९८८ च्या लेखात नियमांनुसार गणित करणाऱ्या माणसासाठी ‘ओ-आर’चे रूप वापरले आणि ‘ई-आर’चे यंत्राला सोडून दिले, आणि त्यांच्यामागून विल्फ्रीड सीग यांनीही तोच पायंडा चालवला. आपल्या जनगणना कार्यालयांनी तो भेद त्यांच्या आधीच, कोणतीही व्याख्या न करता, पगारपत्रकात पाळलेला होता.

पुढचा शोध कोणाला घ्यायचा असेल तर माझी सूचना अशी की बातम्यांपेक्षा राजपत्रांतील पदभरतीच्या सूचना आधी पाहाव्यात. तिथे पदनामाखाली पात्रता, वयोमर्यादा आणि वेतनश्रेणी दिलेली असते, त्यामुळे जागा माणसाची आहे की यंत्र चालवणाऱ्याची याविषयी शंका राहत नाही, आणि स्पेलिंगही मूळ स्वरूपात मिळते. ‘आकडेमोड’, आपल्या आत्याबाईंच्या नेमणुकीचा किंवा बढतीचा कागद घरात असेल तर त्यावरील पदनाम इंग्रजीत आणि मराठीत कसे लिहिले आहे, तेवढे इथे जरूर कळवा.